लेखक वाचनालयात येऊन जातात, त्यानंतर काय?

नाशिकच्या अनेक वस्त्यांत बुद्धविहाराला लागून वाचनालय असतं आणि संध्याकाळी तिथेच मुलांचे वर्ग भरतात. 14 एप्रिलच्या आगेमागे एखादे लेखक पाहुणे म्हणून येतात. त्रिसरण-पंचशील होतं, सत्कार होतो, लेखक आपल्या पुस्तकांचा संच भेट देतात, फोटो ग्रुपवर पडतात. जूनमध्ये मात्र दाराला कुलूप दिसतं, कारण चावी ज्याच्याकडे आहे तो सातपूरला सेकंड शिफ्टला गेलेला असतो. वस्तीत काम करताना आम्ही हे वारंवार पाहतो. पुस्तकं मिळतात. रोज दार उघडणारा माणूस, वीजबिल, वर्तमानपत्रं यांसाठी पैसा मिळत नाही.

मुलांचंही तेच. लेखकाचं एकही पान न वाचता ती दोन तास सतरंजीवर बसतात आणि शेवटी सह्या घेतात. भेटीच्या आधी एक कथा वाचून घेतली तर चित्र बदलतं. बाबुराव बागुल आपल्याच विहितगावचे, जन्म 1930 चा; त्याच वर्षी 2 मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह 1963 चा. त्याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. कॉलेज रोडला भाड्याची खोली शोधलेल्या मुलामुलींना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. अशी कथा वाचून बसलेला वर्ग पाहुण्या लेखकाला नेमके प्रश्न विचारतो, कधी अडचणीत टाकणारेही. विचारू द्यावेत.

आता पैशाचं. उत्तर त्रिरश्मी लेण्यांवर कोरलेलं आहे. आपण तिथे वंदनेला जातो, सेल्फी काढतो, पण 10 क्रमांकाच्या लेण्यातला लेख फारसा कुणी वाचत नाही. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने भिक्खूसंघासाठी 3000 कार्षापणांची 'अक्षयनीवी' ठेवली, म्हणजे मूळ रक्कम कधीच न मोडण्याची ठेव. विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज 240. त्यातून वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी 12. हिशेब तंतोतंत जुळतो. लेणं कोरून देणाऱ्याने तिथे राहणाऱ्यांच्या दरवर्षीच्या कापडाचीही सोय केली होती.

म्हणून यंदा लेखकाला बोलवाल तेव्हा पुष्पगुच्छ आणि मंडपाचा खर्च वाचवून ठेव सुरू करा आणि तिची पहिली पावती त्यांच्या हातून फाडा. एक लाख जमले आणि वर्षाला 6 टक्के व्याज धरलं, तर 6000 येतात, महिन्याला 500. यात ग्रंथपालाचा पगार निघणार नाही, पण वीजबिलाला आणि वर्तमानपत्रांना हातभार लागेल. मोठ्या खर्चासाठी 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि अनुदानाची चौकशी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे करावी. त्यासाठी दप्तर नीट लागतं.

ठेव संस्थेच्या नावावर, दोन सह्यांनी, आणि हिशेब दर महिन्याला विहाराच्या फलकावर. उषवदातानेही आपलं दान निगमसभेत जाहीर करून नोंदवून घेतलं होतं.