अंतःकरणचतुष्टय

अंतःकरणचतुष्टय ही अद्वैत वेदान्तातील मनोव्यापारविषयक संकल्पना होय. मन, बुद्धी, चित्त व अहंकार या एकाच अंतःकरणाच्या चार वृत्ती मानल्या जातात. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे या विषयावरील मराठी लेखनपरंपरेचे एक महत्त्वाचे स्थान आहे.

चार वृत्तींचे कार्य
संकल्प-विकल्प करणे हे मनाचे, निश्चय करणे हे बुद्धीचे, चिंतन हे चित्ताचे, तर 'मी' व 'माझे' असा अभिमान धरणे हे अहंकाराचे कार्य होय. कठोपनिषदातील रूपकात शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा रथस्वामी आहे. घोडे, म्हणजे सहज ओढी, नष्ट करणे येथे अभिप्रेत नाही. त्यांच्यावाचून रथ चालणार नाही. त्यांना सारथ्याच्या ताब्यात ठेवणे अपेक्षित आहे.

बुद्धी आणि सदसद्विवेक
या विभागणीत सदसद्विवेकासाठी पाचवी, स्वतंत्र वृत्ती नाही. तो बुद्धीचाच व्यापार ठरतो. मात्र बुद्धी नेहमी निर्दोष असते असे नाही. भगवद्गीतेच्या १८व्या अध्यायात (श्लोक ३० ते ३२) तिचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद सांगितले असून तामस बुद्धी अधर्मालाच धर्म मानते. उदाहरणार्थ, वाटेत सापडलेले पैसे परत करावेत की ठेवावेत, अशी द्विधा मनात उठते. 'माझी गरज मोठी' असे अहंकार सुचवतो आणि त्याच्या आहारी गेलेली बुद्धी त्यासाठी युक्तिवाद रचते. म्हणून केवळ तर्कशक्ती नव्हे, तर बुद्धीची शुद्धी महत्त्वाची मानली जाते. वेदान्तात 'विवेक' म्हणजे मुख्यतः नित्य व अनित्य यांतील भेद ओळखणे. चांगल्यावाइटाची निवड हा त्या शब्दाचा व्यवहारातील अर्थ आहे.

मराठी ग्रंथपरंपरा
मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' (शके १११०, इ.स. ११८८) हा वेदान्तपर ग्रंथ मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून ओळखला जातो. त्यांची समाधी अंबाजोगाई येथे आहे, असे परंपरा मानते. ग्रंथाच्या रचनास्थळाविषयी मात्र मतभेद असून काही अभ्यासक वैनगंगेकाठचे आंभोरे हे स्थळ सुचवतात. अंबाजोगाईचेच दासोपंत (१५५१–१६१५) यांनी 'गीतार्णव' ही गीतेवरील विस्तृत टीका लिहिली. पंचीकरणाचा विषय त्यांनी लांबलचक कापडावर मजकूर व आकृत्यांसह मांडला. तो 'पासोडी' या नावाने प्रसिद्ध आहे.

आधुनिक मानसशास्त्राशी तुलना
सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२३ मध्ये मनाचे इदम्, अहम् व पराहम् असे तीन भाग मांडले. त्यांच्या मते नैतिक टोचणी पराहम् निर्माण करतो व तो मुख्यतः पालकांच्या प्रभावातून घडतो. वेदान्तात योग्यायोग्याचा निर्णय बुद्धीकडेच असून साधनेने ती शुद्ध करता येते, असे मानले जाते.