झोपेची गोळी, ऑक्सिजन आणि एमएनडी

मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी झालेल्या माणसाच्या घरी भीती असते ती मोठ्या नावाच्या औषधांची. धोका मात्र अनेकदा ओळखीच्या, साध्या उपायांतून येतो.

‘रात्रभर तळमळतात, झोपेची अर्धी गोळी दिली तर काय बिघडलं?’ बरंच बिघडू शकतं. या आजारात हातापायांबरोबर श्वासाचे स्नायूही दुबळे होतात. आडवं झाल्यावर त्यांच्यावरचा ताण वाढतो, कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही आणि झोप सारखी मोडते. सकाळी डोकं दुखणं, दिवसभर पेंग येणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. अशा वेळी अल्प्राझोलामसारखी गोळी आधीच उथळ झालेला श्वास आणखी मंद करते. आधी श्वास तपासायचा, गोळीचं नंतर.

‘ऑक्सिमीटरवर ९५ आहे, म्हणजे काळजी नाही’ हेही खरं नाही. ते यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. मुंबईत अंधेरी असो वा मुलुंड, कोविडपासून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एका फोनवर भाड्याने घरी येतो आणि दम लागला की तोच लावला जातो. त्याने आकडा सुधारतो. स्नायूंना आधार मिळत नाही आणि आत साठलेला कार्बन डायऑक्साइड वाढत जाऊ शकतो. गरज बहुतेकदा मास्कमधून श्वासाला आधार देणाऱ्या बायपॅपची असते. इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गिळण्या-बोलण्याची ताकद फारशी न गेलेल्या रुग्णांचं आयुष्य या मास्कच्या यंत्राने मध्यकाने २०५ दिवस वाढलं.

रिलुझोल हे एमएनडीवरचं १९९५पासूनचं औषध. मूळ चाचण्यांत त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिन्यांनी वाढवलं. गेलेली ताकद ते परत आणत नाही, म्हणून ‘फरक पडत नाही’ असं वाटून ते परस्पर बंद करू नये. ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यायची. यकृताची रक्ततपासणी पहिले तीन महिने दरमहा आणि पुढे पहिलं वर्ष संपेपर्यंत दर तीन महिन्यांनी करायची. ताप आला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही बघाव्या लागतात.

त्यात ‘काढा तर आयुर्वेदिक, त्याने काय होणार?’ हा विश्वास. २०२० साली मुंबईतच गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आणि २०२१ साली ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वाद काहीही असो, रिलुझोल चालू असताना यकृतावर दुसरा भार डॉक्टरांना न सांगता टाकणं मला धोक्याचं वाटतं.

उलट, मॉर्फिनच्या नावाने घाबरून जाण्याचं कारण नाही. अखेरच्या टप्प्यातली धाप त्याच्या लहान, मोजून दिलेल्या मात्रेने कमी होते. मात्र ते अनुभवी डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला निदान आधीच सांगायला हवं. सक्सिनिलकोलिन या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने अशा रुग्णाच्या रक्तातलं पोटॅशियम अचानक वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मध्यरात्री राजावाडी किंवा कूपर रुग्णालयाच्या अपघात विभागात नेलेला पेशंट स्वतः बोलू शकेलच असं नाही. ‘एमएनडी आहे, नुसता ऑक्सिजन नको, सक्सिनिलकोलिन नको’ एवढं लिहून, न्यूरॉलॉजिस्टकडून तपासून घेऊन, तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावावा.