नाममुद्रा आणि खात्याच्या किल्ल्या

अभंगाच्या अखेरची नाममुद्रा कर्त्याचे नाव सांगते. ते सिद्ध करीत नाही. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या, त्या याच कारणाने. उलट पंजाबात १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. तेथे पदांना चढते क्रमांक व बेरजा असल्याने प्रक्षेपास फारसा वाव उरला नाही. चंडीगढात नामदेव शिकविताना हा भेद प्रकर्षाने जाणवतो.

'स्टीम' (२०१६) आणि त्यातून २०२० मध्ये फुटून निघालेले 'हाइव्ह' ही ब्लॉकचेनवरील समाजमाध्यमे नाममुद्रेस गणिती सिद्धतेची जोड देतात. लेखावर खाजगी किल्लीने स्वाक्षरी होते आणि सार्वजनिक किल्लीने ती कोणीही पडताळू शकतो. हाइव्हवर खाजगी किल्ल्या चार. 'पोस्टिंग' लेखनासाठी व मतदानासाठी, 'अ‍ॅक्टिव्ह' धनव्यवहारासाठी, 'मेमो' गुप्त निरोपासाठी. 'ओनर' मात्र उर्वरित सर्व किल्ल्या बदलू शकते. नित्य लेखनास केवळ पोस्टिंग वापरावी आणि ओनर कागदावर उतरवून संगणकाबाहेर ठेवावी, हे उचित.

पोस्टिंग किल्ली चोरीस गेल्यास धन वाचते, परंतु परका मजकूर आपल्या नावे साखळीत कायमचा नोंदला जातो. मागाहून दुरुस्ती केली तरी मूळ पाठ तेथे राहतोच. साहित्याभ्यासकास हीच हानी अधिक गंभीर वाटावी. कारण स्वाक्षरीने सिद्ध होते ते किल्ली कोणाच्या हाती होती एवढेच. कर्तृत्वाचा प्रश्न शिल्लकच राहतो.

ओनर चोराने बदलल्यास तीस दिवसांच्या आत, पूर्वनियुक्त विश्वस्त खात्याच्या साहाय्याने, ताबा परत मिळविता येतो. त्यासाठी जुनी ओनर किल्ली जवळ असावी लागते.