आग राखायची कोणी?

विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : माणूस मुळात पशूच आहे, संस्कृतीचा मुलामा उडाला की आतला पशू बाहेर येतो. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीवर गेल्या सात दशकांत एवढे लिहिले गेले आहे, की पुस्तक न वाचलेल्यांनाही हा निष्कर्ष पाठ असतो. लेखकाचे चरित्रही त्याला पोषकच आहे. गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते, १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीत त्यांनी भाग घेतला आणि युद्धानंतर ते सॅलिसबरीच्या एका शाळेत मुलांना शिकवू लागले. रणांगण आणि शाळेचा वर्ग दोन्ही पाहिलेल्या माणसाने मुलांच्या हातून खून करविले, तेव्हा त्यामागे मनुष्यस्वभावाविषयीचा कडवट सिद्धांत असणार, असे समजणे सोपे आहे. परंतु कादंबरी सावकाश वाचणाऱ्याला तीत त्याहून साधा, रोजच्या जगण्यातला एक प्रश्न सापडतो. तो कामाच्या वाटणीचा आहे.

युद्धकाळात विमान कोसळून इंग्रज मुलांचा एक मोठा घोळका निर्जन बेटावर अडकतो. बारा वर्षांच्या राल्फला मुले पुढारी निवडतात. सभेत शंख ज्याच्या हाती त्याने बोलायचे, असा नियम होतो. डोंगरावर आग पेटती ठेवायची, म्हणजे धूर पाहून एखादे जहाज येईल, असेही ठरते. आग पेटते ती पिगी या लठ्ठ, दम्याने बेजार मुलाच्या चष्म्याने. (पिगीला लांबचे दिसत नाही, अशा चष्म्याच्या अंतर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकवटत नाहीत, हे पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांनी केव्हाच दाखवून दिले आहे. कादंबरीचे त्याने काही बिघडत नाही.)

या आगीचे स्वरूप अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगले परिचित असते. धूर दिसून जहाज आले, तर लाकडे वाहणारा सुटेल आणि दिवसभर समुद्रात डुंबणाराही सुटेल. लाभ सर्वांचा, कष्ट मात्र जो जाईल त्याचे. झोपड्या बांधण्याचेही तेच होते. सुरुवातीस सगळे उत्साहाने धावतात. शेवटची झोपडी उभी करताना राल्फ आणि सायमन असे दोघेच उरतात. उलट जॅक जे पुरवितो ते मांस आहे. ते आज मिळते, दिसते, हातात पडते. ते कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे देणारा ठरवू शकतो. आगीची ऊब बेटावरच्या कोणालाही नाकारता येत नाही, डुकराच्या मांसाचा तुकडा मात्र नाकारता येतो. जॅकची सत्ता या नाकारण्यातून जन्मते. भाला आणि तोंडावरचे रंग नंतर येतात. जहाज क्षितिजावरून जात असते तेव्हा आग विझलेली असते, कारण ती राखणारी मुले जॅकने शिकारीला नेलेली असतात. त्या दिवशी पहिले डुक्कर मारले जाते. मुलांना जॅकचा राग येतो आणि ती मांसही खातात. हा प्रसंग कादंबरीचा कणा आहे. पुढचे रक्तपात अधिक भयंकर असले, तरी त्यांचा रस्ता येथूनच फुटतो.

गोल्डिंग यांचे खरे सामर्थ्य जबाबदारी टाळण्याच्या चित्रणात आहे. सायमन मारला जातो तो वादळी रात्री, नाचाच्या धुंदीत. त्या वर्तुळात राल्फ आणि पिगी हे शहाणे, नियम पाळणारे दोघेही होते. दुसऱ्या सकाळी राल्फ त्याला खून म्हणतो. पिगी मात्र अंधार, पाऊस, भीती अशी एकेक सबब पुढे करीत तो अपघात ठरवू पाहतो. जुळी भावंडे आपण लवकर निघून गेलो होतो असे सांगतात, आणि हळूहळू चौघांचेही यावर एकमत होते. क्रौर्याची वर्णने पुष्कळ कादंबऱ्यांत असतात. सभ्य मुले आपापली साक्ष कशी जुळवून घेतात याचे एवढे निर्दय वर्णन क्वचितच सापडेल. रॉजर हा मुलगा आरंभी लहानग्या हेन्रीच्या आसपास दगड फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवितो. आईबाप, शाळा, पोलीस यांचा अदृश्य धाक अजून त्याच्या हातात असतो. तोच रॉजर पुढे पिगीवर शिळा लोटतो. मधल्या काळात त्याच्या अंगात नवे काही शिरलेले नसते. दगड लागला तरी कोणी विचारणार नाही, एवढेच त्याला कळलेले असते.

या कादंबरीला खोटे पाडण्यासाठी अलीकडे एका सत्यघटनेचा दाखला वारंवार दिला जातो. १९६५ साली टोंगा देशातील सहा शाळकरी मुले एक होडी पळवून समुद्रात गेली आणि वादळात सापडून ‘अटा’ या निर्जन बेटावर पोहोचली. १९६६ च्या सप्टेंबरात पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीला ती सापडली, तेव्हा सहाही जण धडधाकट होते. त्यांनी बाग लावली होती, झाडाच्या पोकळ बुंध्यांत पावसाचे पाणी साठविले होते, आणि आग अखंड तेवत ठेवली होती. कामाच्या पाळ्या लावलेल्या होत्या. भांडण झाले की भांडणाऱ्यांनी काही काळ वेगळे राहायचे, असा रिवाज होता. रुत्खर ब्रेगमन या डच लेखकाने ही हकीकत जगभर पोहोचविली आणि तिच्या आधारे मनुष्यस्वभावाच्या चांगुलपणाची ग्वाही दिली.

हकीकत हृद्य आहे, परंतु ग्वाही घाईची आहे. ही सहा मुले एका शाळेतली, एकमेकांचे मित्र, आपखुशीने एका होडीत बसलेली. गोल्डिंगची मुले परस्परांना अनोळखी, मोठ्या संख्येची, आणि त्यांतली कित्येक तर सहा-सात वर्षांची. ज्या वर्षी टोंगाची मुले समुद्रात शिरली त्याच वर्षी, १९६५ मध्ये, मॅन्कर ओल्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा सामूहिक कृतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सामायिक हिताचे काम लहान गटात पार पडते, कारण तेथे कोण राबले आणि कोण बसले हे सर्वांना दिसते. गट वाढला की प्रत्येकाला दुसरा कोणीतरी ते करील असे वाटू लागते, हे त्याचे प्रतिपादन. म्हणजे अटा बेटाची हकीकत आणि गोल्डिंगची कादंबरी यांत विरोध मानण्याचे कारण नाही. स्वभाव चांगला की वाईट, हा वाद बाजूला ठेवला तरी सहांच्या पाळ्या लागतात आणि मोठ्या घोळक्याच्या लागत नाहीत, ही वस्तुस्थिती उरतेच.

मात्र पाळ्या लावून सुटत नाही असाही एक प्रसंग असतो, आणि तो शोधायचा तर दुसऱ्या कादंबरीकडे वळले पाहिजे. कॉनराड रिक्टर यांची ‘द लाइट इन द फॉरेस्ट’ १९५३ ची, जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रानातील प्रकाश’ या अनुवादामुळे मराठी वाचकाला ती परकी नाही. चार वर्षांचा असताना रेड इंडियन लोकांनी उचलून नेलेला, त्यांच्यातच वाढलेला एक गोरा मुलगा १७६४ च्या तहानुसार सक्तीने जन्मदात्या घरी परत पाठविला जातो. ते घर त्याला परके. तेथला काका रेड इंडियनांच्या कत्तलीचा अभिमान मिरविणारा. मुलगा पळून पुन्हा रानात येतो. सूडाच्या मोहिमेत त्याला आमिष म्हणून नदीकाठी उभे करतात : गोऱ्या मुलाची हाक ऐकून नाव काठाला येईल आणि दबा धरून बसलेले तुटून पडतील. नाव जवळ येते. तीत त्याच्या धाकट्या भावासारखा दिसणारा एक मुलगा असतो, आणि हा ओरडून नाव परत फिरवितो. टोळी त्याला जिवे मारायला निघते. मानलेला बाप त्याला वाचवितो, पण कायमचा दूर करतो. पुढे कोणत्याच काठावर त्याचे कोणी नाही. राल्फला बहुमताने पुढारीपण मिळाले होते, या मुलाच्या मागे एकाचेही मत नाही. त्याने केले ते योग्य होते, असे सांगायलाही कादंबरीत कोणी उरत नाही. रिक्टरही ते काम स्वतःकडे घेत नाहीत.

गोल्डिंगच्या बेटावर अखेर मोठे माणूस येते. पांढऱ्या टोपीतला तो नौदल अधिकारी स्वतः एका युद्धनौकेवरून आलेला आहे, हा उपरोध सर्वांच्या लक्षात येतो. त्यापुढचे संभाषण मात्र बहुधा वाचून सोडून दिले जाते. कोणी मेले तर नाही ना, असे अधिकारी विचारतो. दोघेच, असे राल्फ सांगतो. वस्तुतः पहिल्याच दिवशी मुलांनी उत्साहाच्या भरात पेटविलेल्या आगीने रानाचा एक पट्टा जळाला होता, आणि चेहऱ्यावर लाल डाग असलेला एक लहानगा त्यानंतर कोणालाही दिसला नव्हता. सगळ्यांची नावे लिहून घ्या, असे पिगी आरंभापासून सांगत होता. ती कोणी घेतली नव्हती. म्हणून त्या मुलाला नाव नाही, आणि राल्फच्या ‘दोघां’त तो नाही. तुम्ही एकूण किती जण आहात, या अधिकाऱ्याच्या पुढच्या प्रश्नाला राल्फ मान हलवितो. त्याच्या थोडे आधीच पर्सिव्हल नावाचा एक छोटा पुढे आलेला असतो. घरी पढविलेले आपले नाव आणि पत्ता तो बेटावर आल्यापासून मंत्रासारखा म्हणत आलेला असतो. अधिकाऱ्यापुढे तो तोंड उघडतो, आणि त्याला काहीच आठवत नाही.