पोर्सेलीन आणि त्याचे कोंदण : कर्तृत्वाचा एक प्रश्न

अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये पोर्सेलीनच्या पात्रांना सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझचे कोंदण करण्याची प्रथा बहरली. पात्र कधी चीन-जपानहून आलेले असे, कधी १७१० मध्ये स्थापन झालेल्या माइसेनच्या कारखान्यातले. ब्राँझ ओतून कोरणारे आणि त्यावर मुलामा देणारे कारागीर वेगवेगळ्या व्यवसायसंघांचे असत. या सर्वांचे काम एकत्र आणी तो ‘मार्शां-मेर्सिए’ या वर्गातील व्यापारी. स्वतः वस्तू घडविण्याचा अधिकार त्याला नव्हता. कल्पना मात्र पुष्कळदा त्याचीच असे. अशांपैकी लाझार द्युव्हो याची १७४८ ते १७५८ या काळातील रोजकीर्द उपलब्ध असून तीत मादाम द पोंपादूरच्या खरेदीच्या नोंदी आहेत.

मुलाम्याची रीत जीवघेणी होती. सोने पाऱ्यात कालवून ब्राँझवर लावीत व ते तापवीत. सोने उरे, पारा वाफ होऊन कारागिराच्या शरीरात भिनत असे. १७४५ ते १७४९ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंवरील करापोटी उमटविलेली मुकुटांकित ‘सी’ ही मुद्रा कालनिश्चितीस साहाय्यभूत ठरते. त्या कारागिराचे नाव ती सांगत नाही.

प्रक्षिप्त भाग वगळून मूळ संहिता शोधणाऱ्या अभ्यासकास येथे थबकावे लागते. कोंदणासाठी कित्येकदा मूळ पात्रच कापले जाई. अशा ठिकाणी कोंदण दूर केल्यास मूळ हाती येत नाही, आणि कृतीही उरत नाही.