साम्राज्याची ओळख : तुर्की की इराणी?

मध्ययुगीन साम्राज्यांचा अभ्यास करताना 'हे राज्य तुर्की की इराणी?' असा प्रश्न सहज मनात येतो. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर का देता येत नाही, हे सफवी साम्राज्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

इ. स. १५०१ मध्ये शाह इस्माईलने तब्रीझ येथे सफवी सत्ता स्थापन केली. त्याच्या सैन्याचा कणा असलेल्या किझिलबाश टोळ्या मुख्यतः तुर्कमान होत्या. राज्याचे दप्तर मात्र प्रामुख्याने फारसीत चाले. इस्माईल 'खताई' या टोपणनावाने तुर्कीत कविता लिहीत असे. १५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत त्याचा पराभव करणारा उस्मानी सुलतान पहिला सलीम मात्र फारसीत काव्यरचना करी. हा संघर्ष भाषेचा नव्हता. त्यामागे सत्तास्पर्धा आणि शिया-सुन्नी भेद होता.

दख्खनमध्येही असेच दिसते. गोवळकोंड्याचे कुतुबशाही घराणे तुर्कमान वंशाचे होते, तर अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ धर्मांतरित ब्राह्मण कुळात असल्याचे मानले जाते. तरीही दोन्ही दरबारांत फारसीला मान होता. मराठीतील 'दप्तर', 'फर्मान' यांसारखे शब्द याच फारसी राज्यव्यवहाराची खूण होत.

तात्पर्य, राजघराण्याचा वंश, सैन्याची बोली, दरबाराची भाषा आणि धर्मपंथ हे ओळखीचे स्वतंत्र घटक आहेत. आजच्या राष्ट्रवादाची मोजपट्टी लावून त्यांपैकी एकालाच संपूर्ण ओळख मानल्यास इतिहासाचे आकलन एकांगी होते.