तीस फुटी पाटी भिंतीवर कशाने टिकते

दुकानाच्या दर्शनी भागावरची लांब पाटी म्हणजे बहुधा चौकोनी लोखंडी पाइपांची चौकट, तिच्यावर एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट) शीट आणि पुढे उठावाची अक्षरे. अशी पाटी सुटून खाली आली की ‘फार जड होती’ एवढे म्हणून विषय संपवला जातो. या कामातला सर्वांत मोठा गैरसमज तोच आहे आणि बाकीचे बरेचसे त्याच्या पोटातून निघतात.

३० फूट लांब आणि ४ फूट उंच पाटीचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर भरते. ३ मिलिमीटर जाडीची एसीपी शीट चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे शीटचे ५० किलो. एक इंची पाइपची चौकट जवळपास तेवढीच. अक्षरे, एलईडी आणि तारा धरून सगळे मिळून सव्वाशे किलो, म्हणजे जेमतेम दोन माणसांचे वजन. आता वारा पाहावा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात इमारतींच्या आखणीसाठी पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईला ४४ मीटर असा मूळ वेग धरला आहे. ताशी हिशेबात १४० आणि १५८ किलोमीटर. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळमानाने पुण्यात तो चौरस मीटरला ९३ किलो येतो आणि मुंबईत ११८. म्हणजे याच पाटीवर पुण्यात हजार किलोंहून अधिक आणि मुंबईत सुमारे तेराशे किलोंचा जोर येऊ शकतो. वजनाच्या आठ ते दहा पट! असा वारा रोज येत नाही, पण वळवाच्या एका झोताला काही सेकंद पुरतात.

हा जोर फक्त पाटीला भिंतीवर दाबतो, ही समजूतही अर्धवट आहे. वारा दर्शनी भागाला घासून वाहू लागला की तो पाटी बाहेर ओढतो, आणि कोपऱ्यांशी ही ओढ सर्वाधिक असते. वरच्या फटीतून वारा मागे शिरला तर तो आतून ढकलतो. वजन खाली ओढते आणि ते पेलायला भिंतीत आडवा गेलेला बोल्ट सहसा समर्थ असतो. वारा मात्र त्याच बोल्टला भोकातून सरळ उपसतो. पाटी वर आठ आणि खाली आठ बोल्टांवर धरलेली असेल आणि तिचा गुरुत्वमध्य भिंतीपासून १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर वजनामुळे वरच्या आठ बोल्टांवर येणारी बाहेरची ओढ प्रत्येकी दोनेक किलो. वाऱ्याची ओढ १६ बोल्टांत सारखी वाटली तरी पुण्यात प्रत्येकी ६५ किलो. बोल्टला हात लावून लोंबकळून दाखवणारा कारागीर त्यामुळे भलतीच परीक्षा घेत असतो.

‘दोन टोके भक्कम पकडली की मधले आपोआप राहते’ हे दुसरे ठाम मत. शाळेतली लाकडी फूटपट्टी धारेवर उभी धरून दाबली तर वाकत नाही, सपाट धरून दाबली की लगेच वाकते. लांब पाटीचे अगदी असेच आहे. वजनासमोर ती चार फूट उंचीची फूटपट्टी धारेवर उभी असते, म्हणून मधे झोल पडलेला दिसत नाही आणि बसवणाऱ्याची खात्री पटते. वाऱ्यासमोर मात्र चौकटीची खोली एका पाइपएवढी, म्हणजे एक इंच. एकसारखा भार असताना वाक हा आधारांमधल्या अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर निम्मे केले की वाक सोळाव्या हिश्शावर येतो. पाइप जाड घेण्यापेक्षा चार-चार फुटांवर, वर आणि खाली, ब्रॅकेट देणे त्यामुळे स्वस्तही पडते आणि खात्रीचेही.

ब्रॅकेट लागते कशात, यावर सगळी मदार आहे. ड्रिल सहज आत गेले की काम चोख झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सहज गेलेले ड्रिल ही काळजीची खूण आहे. बाहेरचा गिलावा दोन सेंटिमीटरचा असू शकतो आणि फास्टनरच्या खोलीत तो धरायचा नसतो. खोली मोजायची ती गिलाव्यामागच्या काँक्रीटपासून. प्रसरण पावणारा अँकर फास्टनर काँक्रीटच्या बीमसाठी, लिंटेलसाठी आणि कॉलमसाठी बनलेला आहे. तोच विटेत कसला तर वीट फुटते, आणि हलक्या, सच्छिद्र एएसी ब्लॉकमध्ये कसला तर ब्लॉकचा भुगा होऊन भोक मोठे होते. अशा भिंतीत लांब नायलॉन प्लग, रासायनिक अँकर, किंवा शक्य तिथे आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी पट्टी हाच मार्ग. रासायनिक अँकरलाही भोकातली धूळ चालत नाही. फुंकणी आणि ब्रश न वापरता भरलेला मसाला भिंतीला न चिकटता धुळीला चिकटतो. साधा रावल प्लग घड्याळासाठी ठीक आहे.

आपल्याकडे आणखी दोन मोह ठरलेले. एक शटरचा. शटरच्या गुंडाळीवरचे पत्र्याचे कव्हर समोर तयारच असते, म्हणून पाटी त्यालाच जोडली जाते; पण ते पातळ पत्र्याचे झाकण असते आणि शटर दर वेळी वर-खाली होताना हादरते. शिवाय शटर दुरुस्त करायचे तर पाटी काढावी लागते, ते वेगळेच. दुसरा मोह छज्ज्याचा. छज्जा एका बाजूने भिंतीत धरलेला आणि पुढे अधांतरी असतो, त्यामुळे त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. वरून ड्रिल मारले की नेमकी तीच जखमी होते किंवा तिच्यापर्यंत पाण्याला वाट मिळते. आणि पाटी छज्ज्याच्या पुढच्या कडेवर उभी केली की भार सर्वांत नको त्या जागी जातो.

मग जास्त बोल्ट मारले की झाले? जवळजवळ ठोकलेले फास्टनर, उपसताना सोबत तुटून येणाऱ्या काँक्रीटच्या एकाच शंकूवर हक्क सांगतात. तो तुटला की सगळेच एकत्र निघतात. कडेच्या फार जवळ मारलेला बोल्ट कडच फोडतो. बोल्टच्या व्यासाच्या दहापट अंतर हा कामचलाऊ अंदाज, अचूक आकडा उत्पादकाच्या तक्त्यात मिळतो.

‘शीट जितकी आवळून बसवावी तितकी चांगली’ हे मत उन्हापुढे टिकत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्याही तिप्पट. विदर्भातल्या वैशाखात काळी शीट आणि हिवाळ्याच्या पहाटेची तीच शीट यांत ६० अंशांचा फरक धरला, तर आठ फुटी शीट साडेतीन मिलिमीटर सरकते आणि सगळी पाटी एकसंध असती तर १३ मिलिमीटर. म्हणून शीटांमध्ये खाच ठेवून ती लवचीक सिलिकॉनने भरतात आणि भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवतात. खाच दिसायला नको म्हणून शीट भिडवून बसवली की पहिल्याच उन्हाळ्यात ती फुगते. इमारतीचा प्रसरण-सांधा पाटीखाली येत असेल, तर तिथे चौकटही तोडलीच पाहिजे.

पाण्याबाबत उलटीच चूक होते. चारही बाजू सिलिकॉनने बंद केल्या म्हणजे पाटी कोरडी राहील असे वाटते, पण पाणी कुठून तरी शिरतेच, आणि मग त्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. वरची कड उताराच्या पत्र्याने झाकायची आणि खाली निचऱ्याची भोके ठेवायची. उघड्या टोकांचे पाइप आतून गंजतात. बाहेरचा रेड ऑक्साईड तिथे पोहोचतच नाही, आणि तो एरवीही फक्त अस्तर आहे, त्यावर रंग हवा. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि लोखंड थेट टेकले तर सांध्यात ॲल्युमिनियम आधी झिजते; मधे नायलॉनचा वॉशर पुरतो.

‘जुनी चौकट आहेच, वर नवी शीट लावू’ हा विचार महाराष्ट्रात अलीकडे फार झाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी आवश्यक केली, देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालनासाठी दोन महिने दिले. त्या घाईत अनेक ठिकाणी नवी अक्षरे आणि नव्या शीट जुन्याच पाइपांवर चढल्या. अक्षरांचे वजन किरकोळ असते, पण पाटीची उंची चारची पाच फूट केली की वाऱ्याचा जोर पंचवीस टक्के वाढतो आणि बोल्ट मात्र तेच राहतात. अशा चौकटीची तपासणी शीट चढवण्याआधीच होऊ शकते: ब्रॅकेटखाली भिंतीवर उतरलेला तांबूस ओघळ, स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर दबणारा पाइप, पान्याने आवळताना न थांबता फिरत राहणारा बोल्ट. शेवटची खूण दिसली तर तो बोल्ट तिथेच पुन्हा आवळण्यात अर्थ नसतो. नवे भोक दुसऱ्या, पक्क्या जागी पाडावे लागते.